पावणेचारची घरघर

मी या सदरात अनुभव वाचायला येत नाही. मी चुका काढायला येतो. "उंदीर असणार", "फ्रिजचा कॉम्प्रेसर असणार", "आधी डोळे तपासून घ्या" — असल्या प्रतिक्रिया टाकणारा एक खवचट माणूस इथं आहे ना, तो मीच. माझ्यामुळे दोघी-तिघींनी लिहिणं सोडलं असं बायको म्हणते. त्यांची आधी माफी मागतो. कारण आज मलाच लिहायचंय, आणि खाली पहिली प्रतिक्रिया काय येणार ते मला पाठ आहे... येऊ द्या.

भूत, करणी, संकेत, यातलं काहीही मी मानत नाही. मूळचा संगमनेरचा, शिक्षण मेकॅनिकल, नोकरी इंदौरला पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. आवाज म्हटला की त्याला उगम असतो, रस्ता असतो आणि कान असतो. यातलं एक तोडा, आवाज बंद. माझी श्रद्धा एवढीच.

आता घर. बड़ा गणपतीच्या मागच्या गल्लीत सासऱ्यांचं घर आहे. तळाला बेसमेंट, वर अण्णांची — म्हणजे सासऱ्यांची — खोली, स्वयंपाकघर, आणि त्याच्या वर आम्ही. घरजावई म्हणायचं नाही! सासूबाई गेल्यावर अण्णा एकटे पडले म्हणून आम्ही भाड्याचं घर सोडून इकडे आलो, एवढंच. हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता लोक न विचारताच मान डोलावतात.

बायको वर्षा. जन्म, शाळा, कॉलेज सगळं इंदौर, त्यामुळे तिची मराठी अर्धी हिंदी. गेली सहा वर्षं ती बेसमेंटमध्ये मसाले करते. पोह्यांवर भुरभुरवायचा जीरावन, आपला गोडा मसाला, आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, विकणाऱ्या दोघांना लागतो तो तिखट मसाला. पाच हॉर्सपॉवरचं पल्व्हरायझर आहे, साध्या भाषेत मसाल्याची चक्की. मोटर एकीकडे, चक्की दुसरीकडे, मध्ये बेल्ट. हे मशीन तिनं हौसेनं नाही घेतलं. शाळेतली नोकरी गेली, आठ महिने घरात नुसती बसून होती, कोणाशी धड बोलत नव्हती... त्यानंतर ही चक्की आली आणि माझी बायको मला परत मिळाली. म्हणून ते मशीन बंद पडणं मला परवडणारं नव्हतं. पैशाचा प्रश्नच नव्हता.

यंदा पावसाळ्यात अण्णांची अँजिओप्लास्टी झाली. वय अठ्ठ्याहत्तर. पीडब्ल्यूडीतून निवृत्त, स्वभावानं शांत, कान मात्र तिखट. डॉक्टरांनी बजावलं, दुपारी दोन तास सलग झोप हवीच, बीपी वर जाता कामा नये. आणि अण्णांच्या पलंगाच्या बरोब्बर खाली वर्षाची चक्की. ती सुरू झाली की त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या थरथरायचा.

मेव्हणा सुहास पुण्याला असतो. त्याचा फोन आला, "ताई, अण्णांना मी घेऊन जातो. नाहीतर तुझी फॅक्टरी बंद कर." फॅक्टरी म्हणे! अण्णांना पुण्याला जायचं नव्हतं. तिथं चौदाव्या मजल्यावर बसून काय करू, म्हणायचे. वर्षा दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अहो, मशीन विकून टाकू. अण्णांच्यापेक्षा काय जास्त आहे?"

मी म्हटलं, थांब. आवाज हा माझा विषय आहे.

पितृपक्ष नुकताच लागला होता. या पंधरवड्यात कोणी नवं काम काढत नाही, त्यामुळे सगळे कारागीर रिकामे. मला तेच हवं होतं. कोचिंग क्लासेसना साउंडप्रूफ खोल्या करून देणारा गुड्डू भिया म्हणून एक माणूस आहे, तो दुसऱ्याच दिवशी आला. बेसमेंटचं छत ठोकून बघितलं, पान थुंकून आला आणि म्हणाला, "भिया, टेंशन नी लेने का. नीचे ढोल बजवा लो, ऊपर चाय की चुस्की की आवाज आएगी, बस."

आठवडाभर मी त्याच्या डोक्यावर बसून काम करून घेतलं. छताला रबराचे हँगर, त्यांना लोखंडी चॅनेल, मध्ये आवाज शोषणाऱ्या रॉकवूलच्या जाड गाद्या, खालून जिप्समच्या शीटचे दोन थर, पहिल्या थराचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. पाइपाभोवतीची फट, वायरीचं भोक, सगळं सीलंटनं बुजवलं. मशीनखाली रबरी पॅड. दाराला दुहेरी फळी आणि कडेनं रबरपट्टी. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप घेऊन मी अण्णांच्या खोलीत बसायचो. आधी अडुसष्ट डेसिबल दाखवत होतं, काम झाल्यावर एक्केचाळीस. पंख्याचा आवाज त्याहून मोठा! तांब्यातलं पाणी आरशासारखं स्थिर. वर्षानं खाली पूर्ण भार देऊन धणे दळले आणि वर अण्णा घोरत होते. सुहासला मी मुद्दाम व्हिडिओ पाठवला. वर्षाचा जीव भांड्यात पडला.

तीन दिवस. फक्त तीन दिवस हे सुख.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी कारखान्यातून आलो तर अण्णा म्हणाले, "मिलिंदराव, बाकी एकदम बढिया झालंय. पण ते पावणेचारला तेवढं बघा नं."

"काय पावणेचारला?"

"मशीन चालते नं. आधी बरोबर चालते, मग गळ्यात काही अडकल्यावाणी घुसमटते. मग बंद." आणि त्यांनी तोंडानं तो आवाज काढून दाखवला, "घुंऽऽऽ... घर्र, घर्र, घर्र... टक्."

मी वर्षाकडे बघितलं. वर्षानं माझ्याकडे. कारण चक्की तीनला बंद होते. तीन ते साडेतीन वर्षा आणि कमलाबाई पाकिटं भरतात, मग कमलाबाई नातवाला आणायला शाळेत जाते. कमलाबाई म्हणजे वर्षाच्या हाताखालची मदतनीस, पाच वर्षं जुनी. पावणेचारला बेसमेंटमध्ये चालणारी एकच वस्तू, ती म्हणजे भिंतीवरचं घड्याळ.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. पावणेचार, घुसमट, टक्.

आता माझा स्वभाव सांगतो. मला आधी संशय येतो, मग भूक लागते, मग बाकी सगळं. पहिला संशय गुड्डूवर. शीट कुठंतरी चॅनेलला सोडून थेट स्लॅबला ठोकली असणार, आवाजाला पूल मिळाला असणार. शिडी लावून छताचा कोपरान् कोपरा ठोकून बघितला. गुड्डूलाही बोलावून दोन शिव्या हासडल्या. तो बिचारा म्हणाला, "भिया, मशीन बंद है तो आवाज कायकी रोकूँ मैं?" मुद्दा बरोबर होता, म्हणून मला आणखी राग आला.

मग शेजारी. त्यांच्या पाण्याची मोटर माझ्या डोक्यात आली. त्यांच्याकडे चहाच्या निमित्तानं जाऊन बसलो, मोटर कधी लावता वगैरे. सकाळी सहाला, म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी पाण्याचा चोर आहे.

मग कमलाबाई. लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, नातवाला आणायला जाते म्हणते आणि मागच्या मागं येऊन ओळखीच्यांचं दळण दळून देते. म्हणून मी कॅमेरे बसवले. एक बेसमेंटमध्ये, आवाज रेकॉर्ड होणारा. आणि दुसरा... दुसरा अण्णांच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये. वर्षाला सांगितलं, अण्णांना काही झालं तर कळावं म्हणून. खरं कारण वेगळं होतं. तोवर माझ्या संशयाची सुई अण्णांवर जाऊन थांबली होती.

कॅमेऱ्यात काय दिसलं? डोंबल! पावणेचारला बेसमेंट रिकामं, मशीन गप्प, रेकॉर्डिंगमध्ये घड्याळाची टिकटिक. आणि वर त्याच मिनिटाला अण्णा खोलीतून बाहेर येतात, भिंतीला धरून उभे राहतात, जिन्याच्या दिशेनं कान देतात आणि परत आत जातात. रोज.

एका शनिवारी सुट्टी टाकून मी त्यांच्या खोलीत पेपर वाचत बसलो. अण्णा झोपले होते. तीन त्रेचाळीसला त्यांचे डोळे उघडले.

"आत्ता," ते म्हणाले. "ऐका."

मी ऐकलं. ॲप अडतीस दाखवत होतं. लांबून कुठूनतरी भाजीवाल्याची हाळी. बाकी काहीही नाही. मिनिटभरानं म्हणाले, "झालं. बंद झाली." आणि घोटभर पाणी पिऊन माझ्याकडे असं बघितलं की, आता तरी पटलं नं?

मला वेगळंच पटलं. त्याच आठवड्यात मी त्यांना फोनवर सुहासशी बोलताना ऐकलं होतं. "हो, बघू, दिवाळीनंतर ठरवू." काय ठरवू? मी दोन अधिक दोन पाच केले. म्हातारबुवांना पुण्याला जायचंय. पण मुलीला तोंडावर कसं सांगणार? म्हणून मशीनचं निमित्त. झोप लागत नाही, आवाज येतो, मशीनपायी मला जावं लागतं. आपण नामानिराळे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चोर कोण होतं ते मला नंतर कळलं.

खंडेनवमी आली. वर्षाच्या माहेरी ही पद्धत आजोबांच्या वेळेपासूनची. ते संस्थानच्या नोकरीत होते तेव्हा दौत-लेखणी पुजायचे, आता चक्की. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, चालवायचं तर अजिबात नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याचा. आदल्या दिवशी मी सुट्टी घेऊन मशीन खोललं. खोलणं, पुसणं, तेलपाणी हे खातं घरातही माझंच. बेल्टवरची पत्र्याची जाळी काढून घासली, पुली चकचकीत केली, रंगाचा एक हात मारला. नवमीला सकाळी हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मी मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढून खिशात ठेवले. हे मुद्दाम केलं, हे कबूल करतो. मला बघायचं होतं.

दुपारी जेवण जड झालं होतं. श्रीखंड, मसालेभात. आम्ही दोघं पॅसेजमधल्या खुर्च्यांवरच पेंगत होतो. तीन त्रेचाळीसला अण्णांचं दार उघडलं. चेहरा पांढरा. "वर्षा, मशीन बंद कर. बंद कर आधी!"

"अण्णा, आज खंडेनवमी आहे," वर्षा म्हणाली. "मशीन बंदच आहे. हार घातलाय तिला."

"चालून राहिली आहे गं. ऐक नं, अडकलंय काहीतरी..."

मी उठलो, खिशातून फ्यूज काढून टेबलावर ठेवले. आणि मग माझा तोल गेला. म्हटलं, "अण्णा, पुष्कळ झालं. पुण्याला जायचंय तर सरळ जा. त्यासाठी मुलीच्या पोटावर पाय कशाला देता? दोन आठवडे तुमचं हे नाटक बघतोय मी."

अण्णांनी ते फ्यूज हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि परत ठेवले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "लाइटच नाही तर चालेल कशी. आता नाही म्हणणार."

आणि खरंच नाही म्हणाले. दसऱ्यापासून एक अक्षर नाही. मी विचारलं, "काय अण्णा, झोप लागते ना?" तर "मजेत." कॅमेऱ्यातही ते पावणेचारला बाहेर येताना दिसेनात. वर्षा माझ्याशी कामापुरतं बोलत होती, पण मी मनात म्हटलं, बघा! एकदा कानउघाडणी केली आणि कानातले आवाज गेले. मी जिंकलो होतो. अगदी खरं सांगतो, मला तसंच वाटलं होतं.

आता ती गोष्ट, जी लिहिताना माझा हात जड होतोय. दसऱ्यानंतर मशीन सुरू करताना बेल्टवरची जाळी परत बसवायची होती. बसवली. ती थोडी वाकली होती, खडखड करत होती. ॲप एक्केचाळीस. काढली, तर अडतीस. तीनचा फरक! मी कारखान्यात दर महिन्याला नव्या कामगारांना उभं करून सांगतो — फिरत्या बेल्टवर गार्ड नसेल तर मशीनला हात लावायचा नाही, मला येऊन सांगायचं. आणि घरी तीन डेसिबलसाठी मी ती जाळी भिंतीला टेकवून ठेवली. रविवारी सरळ करून बसवतो म्हटलं. रविवार आला नि गेला. वर्षाला म्हटलं, ओढणी कमरेला बांधून काम कर. झाली माझी सेफ्टी.

दिवाळीच्या बारा दिवस आधीचा मंगळवार. ऑर्डरी इतक्या होत्या की चक्की तीनला बंद करणं शक्य नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ती साडेतीननंतरही चालू राहिली. कमलाबाई नेहमीसारखी नातवाला आणायला गेली. बेसमेंटचं दुहेरी दार लोटलेलं. वर्षा एकटी.

चार वाजता शेजाऱ्यांचा फोन आला, लवकर या. पोलोग्राउंडपासून घरापर्यंत स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. मी पोचलो तेव्हा वर्षा पायरीवर बसली होती, गळ्याभोवती लालभडक वळ, डोळ्यांत रक्त उतरलेलं, आणि बोलता येत नव्हतं. तिच्या शेजारी अण्णा, अनवाणी, धापा टाकत, तिचा हात दोन्ही हातांत धरून.

खाली सांडलेली मिरची भरायला ती वाकली, कमरेची गाठ सुटली आणि ओढणीचं टोक उघड्या बेल्टमध्ये गेलं. पुलीनं ओढणी गुंडाळायला सुरुवात केली. दुसरं टोक गळ्याभोवती. आणि वरच्या छताला मी स्वतः, जातीनं उभं राहून, असं करून ठेवलं होतं की खाली कोणी जिवाच्या आकांतानं ओरडलं तरी वर चिटपाखराला कळू नये.

पण अण्णा खाली आले. ऑपरेशननंतर त्यांनी जिन्याची एक पायरी उतरली नव्हती. त्या दिवशी चौदा उतरले, काठीशिवाय, आणि मेन स्विच पाडला. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धं मिनिट आणि सांगता आलं नसतं.

वर्षाला घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून घरी आलो. तिला झोपवलं आणि मी रेकॉर्डिंग लावलं. का लावलं? संशय... दुसरं काय. मला कळेना, अण्णांना कळलं कसं? म्हणजे माझं छत कुठंतरी गळत होतं का?

बेसमेंटचा कॅमेरा. तीन चव्वेचाळीस आणि दोन सेकंदांनी ओढणी बेल्टमध्ये जाते. त्याआधी मशीन एकसुरात चाललंय, वर्षा गुणगुणतेय. मग मोटरवर भार येतो. आवाज ऐकला आणि मी रेकॉर्डिंग मागं नेऊन परत लावलं. घर्र, घर्र, घर्र... टक्. अण्णांनी तीन आठवड्यांपूर्वी तोंडानं काढून दाखवला होता, हुबेहूब तोच. आणि शेवटचं ते 'टक्' म्हणजे मशीन आपोआप बंद पडणं नव्हतंच. तो मेन स्विच पडल्याचा आवाज. अण्णांच्याच हातानं.

आता पॅसेजचा कॅमेरा. अण्णा दारातून बाहेर पडतात ती वेळ तीन त्रेचाळीस आणि दहा सेकंद.

परत वाचा. ओढणी अडकली तीन चव्वेचाळीस, दोन. अण्णा निघाले तीन त्रेचाळीस, दहा. बावन्न सेकंद आधी! खाली मशीन सुरळीत चालू होतं, बायको गुणगुणत होती, आणि वर एक हृदयाचा पेशंट अनवाणी जिन्याकडे पळत सुटला होता. इकडे तिकडे बघणं नाही, कान देणं नाही. सरळ जिना. ओढणी अडकली तेव्हा ते शेवटच्या पायऱ्यांवर होते, म्हणून सात सेकंदांत स्विचपर्यंत हात पोचला. ओढणी अडकल्यावर निघाले असते तर... ते गणित मी करत नाही.

म्हणाल, कॅमेऱ्यांची घड्याळं पुढेमागे असतील. माझीही पहिली प्रतिक्रिया तीच होती. दोन्ही कॅमेरे एकाच डीव्हीआरवर आहेत, घड्याळ एकच. तरी दोन्हीसमोर एकच मोबाईल धरून तपासलं. सेकंदाचा फरक नाही. म्हणाल, रोज त्या वेळेला जाग यायची सवय. ठीक. पण सवयीनं माणूस पॅसेजमध्ये येतो. सवयीनं चौदा पायऱ्या उतरत नाही. आणि मुळात रोजची ती जाग कशानं येत होती? चक्कीही चालू नसताना, घटनेच्या कितीतरी आधी?

वर्षाला दोन दिवसांनी बोलता यायला लागलं. मी विचारलं, तू ओरडलीस का? ती म्हणाली, "अहो, आवाजच कुठं निघत होता. दम घुटून गेला होता." रेकॉर्डिंगमध्येही तेच. तिच्या तोंडून एक हुंकारसुद्धा नाही.

मग मी अण्णांकडे गेलो. सकाळची वेळ, ते उन्हात पेपर घेऊन बसले होते. म्हटलं, "अण्णा, मी त्या दिवशी जे बोललो..."

"जाऊ द्या हो, मिलिंदराव."

"नाही. चुकलो मी. जाळी मीच काढली होती. आणि तुम्हाला नाटकी म्हणालो." आयुष्यात सासऱ्यासमोर रडेन असं वाटलं नव्हतं, रडलो. ते पाठीवर थोपटत राहिले. मग मी विचारलं, "त्या दिवशी काय ऐकलंत?"

"वर्षानं हाक मारली. 'अण्णा' म्हणून. लहान होती तेव्हा मारायची तशी."

"आणि मशीनचा आवाज? दसऱ्यानंतर तो थांबला होता ना?"

अण्णांनी पेपरची घडी घातली. "थांबला कुठं. रोज येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही फ्यूज दाखवलेत नं," ते अगदी साधेपणानं म्हणाले, त्यात टोमणा नव्हता. "मी म्हटलं, आपलंच दिमाग चाललं. पोरीला कशाला परेशान करायचं. पावणेचार झाले की उशी कानावर दाबून पडून राहायचो. त्या दिवशी पण दाबलीच होती. हाक आली म्हणून उठलो."

म्हणजे नुसता मशीनचा आवाज असता, तर ते उठले नसते. मी त्यांना उठायची लाज वाटायला लावली होती.

जाळी त्याच दिवशी बसवली, चार बोल्टांनी. बेसमेंटमध्ये एक घंटी लावली, तिचं बटण मशीनशेजारी, ठोका अण्णांच्या खोलीत. सुहास येऊन गेला. 'दिवाळीनंतर ठरवू' होतं ते त्याच्या मुलाच्या मुंजीचं. अण्णा इथंच आहेत. वर्षा परत मसाला करते, ओढणी मात्र घेत नाही, वर ॲप्रन घालते. छताचं मी दहादा मोजमाप केलं, आवाज वर जायला कुठंही वाट नाही. गुड्डूचं काम चोख आहे. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, तुमच्याकडे असेल तर खाली लिहा. शिव्या घातल्यात तरी वाचेन.

अण्णा म्हणतात, त्या मंगळवारनंतर पावणेचारचा आवाज एकदाही आला नाही. परवा परत विचारलं तर म्हणाले, "काही नाही हो, एकदम शांत. मजेत झोपतो."

दसऱ्यानंतर मी विचारायचो तेव्हाही ते असंच म्हणत होते. 'मजेत'. आता ते खरं सांगतात की मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, हे त्यांच्या तोंडाकडे बघून मला ओळखता येत नाही.